सामाईक वहीची पेन्सिल

हौकिनिएमी, १५ मार्च २०१८

इल्पो,

फोन केला नाही. फोनवर तू गप्प बसतोस, मग मी ओरडते, आणि ठेवल्यावर दोघांनाही वाईट वाटतं. मेल लिहिली की निदान तुझं उत्तर तरी येतं.

परवा माझ्या हातून एक माणूस जाता जाता वाचला. मंगळवारी दुपारी दोनला आपत्कालीन फोन केंद्रात माझी पाळी सुरू झाली. दोन वाजून सात मिनिटांनी एका बाईंचा फोन आला. नवरा नदीच्या तोंडाशी बर्फावर मासे धरत बसलेला, बर्फ फुटला, तो पाण्यात. बाई काठावर उभ्या. मी जागा विचारली, त्यांनी घाबरलेल्या असूनही अगदी नीट सांगितली. मी टाईप केलं आणि बटण दाबलं. बटण दाबलं की नोंद होते, आणि नोंद झाली की बचाव पथकाच्या गाडीत घंटा वाजते. चौदा वर्षं मी हेच करते आहे.

घंटा वाजली नाही. स्क्रीन गोठली. कर्सर लुकलुकायचा थांबला, मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. बाई विचारत होत्या, "निघाले का हो? निघाले का?" काय सांगणार? खोटं बोलायला माझी जीभ रेटेना, मी बटण दाबतच राहिले. मग एकदम सगळं चालू झालं, नोंद झाली, घंटा वाजली. पथकाने त्यांना बाहेर काढलं. आर्वो त्यांचं नाव, वय एकाहत्तर. अजून अतिदक्षता विभागात आहेत.

आता गंमत ऐक. नोंदीवर वेळ पडली आहे दोन, सात मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद. बाईंनी जागा सांगितली सतरा सेकंदांवर. मधले एक्केचाळीस सेकंद कुठे गेले, असं लुंडेलबाई मला विचारतात. आमच्या प्रमुख. मी म्हटलं, यंत्रात गेले. सर्व्हर पुरवणारी कंपनी म्हणते, यंत्र ठणठणीत आहे, यंत्राच्या दप्तरी एकही तक्रार नाही. म्हणजे उरले कोण? पाळी बदलताना कॉफीचा मग हातात असलेली मी.

१६ एप्रिलला चौकशी आहे. दोष माझ्यावर आला तर हेडसेट काढून ठेवायचा आणि घरी जायचं.

तू आयुष्यभर यंत्र चालवणाऱ्या त्या मूळ प्रोग्रामच्या, तुमच्या त्या कर्नलच्या पोटात हात घालून बसला आहेस, तेव्हा एका वाक्यात सांग. यंत्र एक्केचाळीस सेकंद थांबून नंतर साळसूदपणे "मी नाही त्यातला" असं म्हणू शकतं का?

राइया


तांपेरे, १७ मार्च

ताई,

म्हणू शकतं.

सर्व्हर सुरू होताना काळ्या स्क्रीनवर पहिल्या ओळीत कर्नलच्या आवृत्तीचा एक नंबर येतो. तो लिहून पाठव. कुणाला तरी गोड बोलून मिळव. शिवाय पाळी बदलताना त्या सर्व्हरवर आणखी काय काय चालू होतं, तेही विचार.

आणि एक कर. दोन ते अडीचच्या मध्ये जो फोन येईल तो आधी कागदावर लिहायचा, आणि रेडिओ डाव्या हातात धरायचा. स्क्रीन अडकली की लगेच रेडिओवरून पथकाला सांगायचं.

जेव. तू अशा वेळी नुसती कॉफी पितेस.

इल्पो


हौकिनिएमी, २० मार्च

शहाण्या,

रेडिओ कसा धरायचा ते आता मला तू शिकवणार? तुला शाळेत असताना बुटांच्या नाड्या बांधायला मी शिकवलं. "स्क्रीन अडकली की लगेच" म्हणे! म्हणजे मी लगेच केलं नाही, असंच ना? लुंडेलबाईही हेच म्हणतात, फक्त त्या जास्त गोड आवाजात म्हणतात. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

नंबर लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो सोबत आहे. तांत्रिक विभागातल्या माणसाला दालचिनीचे दोन पाव खाऊ घालावे लागले. त्याने सांगितलं की १२ फेब्रुवारीला कंपनीने सर्व्हरवर नवीन कर्नल चढवलं. आणि पाळी बदलली की आधीच्या पाळीतल्या सगळ्या फोनांची रेकॉर्डिंग्ज आकाराने लहान करून दुसऱ्या जागी लिहिली जातात. रोज दोन वाजता.

मला वाटलं होतं की हे असं काही तू दोन वर्षांपूर्वीच सरळ केलं आहेस. मीच तेव्हा तुझ्या कानीकपाळी ओरडत होते ना, की दोन वाजले की आमचं मशीन मेलेल्या घोड्यासारखं चालतं? आणि त्याच वर्षी ख्रिसमसला हॅम कापताना तू म्हणाला होतास, "झालं ताई, आता कुणाच्या लिहिण्याने कुणी अडणार नाही."

आर्वोंना शुद्ध आली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील म्हणतात.

राइया


तांपेरे, २३ मार्च

ताई,

नंबर मिळाला. बघतो आहे. कागद आणि रेडिओचं मात्र ऐक.

इल्पो


हौकिनिएमी, २९ मार्च

इल्पो,

सहा दिवस. "बघतो आहे" म्हणून सहा दिवस. काय बघतो आहेस, खिडकीतून तळं?

कंपनीचा अहवाल आला. अकरा पानं. पहिली दहा मला कळली नाहीत, अकरावं कळलं. त्यांचा तज्ज्ञ लिहितो की डिस्कवर गर्दी झाल्यामुळे नोंद अडकली असणं अशक्य आहे, कारण या कर्नलमध्ये ती सोयच केलेली आहे. पुरावा म्हणून त्याने ती सोय करणाऱ्याचं निवेदन जसंच्या तसं उतरवलं आहे. ऐक:

"या बदलानंतर प्रक्रियांच्या प्रत्येक गटाचं डिस्कवर लिहिणं वेगळं मोजलं जातं आणि ज्याचा वाटा संपला त्यालाच थांबवलं जातं. एका गटाच्या लिहिण्यामुळे दुसऱ्या गटाला थांबावं लागणार नाही."

खाली नाव. इल्पो केम्प्पाइनेन.

लुंडेलबाईंनी विचारलं, "हे तुमचे कुणी?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ." त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी मला पाणी दिलं.

आज पुन्हा अडकलं. दोन वाजून पाच मिनिटांनी, सव्वीस सेकंद अडकलं. तीन वर्षांची मुलगी, घशात मणी. तुझं ऐकून कागदावर लिहिलं होतं, रेडिओ हातात होता. मुलगी रडायला लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मीही रडले. पण स्क्रीन अडकल्याचं पाहिलं कुणी? मी. माझ्याखेरीज कुणी नाही. शेजारची म्हणते, तिची चालू होती. तिला त्या सव्वीस सेकंदांत फोनच नव्हता, तिने बटणच दाबलं नव्हतं!

आता रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतंय. मी खरंच सतराव्या सेकंदाला बटण दाबलं होतं का? की तसं वाटतंय? एवढा शिकलेला माणूस म्हणतो अशक्य, माझा सख्खा भाऊ म्हणतो अशक्य. मग माझे हातच खोटं बोलत असतील. तू एवढंच सांग की तुझं ते वाक्य खरं आहे. मी १६ तारखेला उभी राहून चूक कबूल करून टाकते. मला आता या संशयात राहवत नाही.

राइया


तांपेरे, ३० मार्च, गुड फ्रायडे

ताई,

ते वाक्य खोटं आहे.

तू बटण सतराव्या सेकंदालाच दाबलंस. तुझे हात ठीक आहेत. हे मला २३ तारखेलाच, तुझा नंबर पाहिला तेव्हाच कळलं होतं. आज तीस. तो मणी या सात दिवसांतला आहे.

तुला कळेल असं सांगतो. आमच्या इमारतीत तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुलाईघर आहे. दाराशी एक वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. कुणीही धुवायला जायचं तर आधी वहीत लिहायचं. डिस्कचं तसंच आहे. गट वेगळे असले, एकात तुमची रेकॉर्डिंग्ज आणि एकात तुझी नोंद, प्रत्येकाचा वाटा वेगळा असला, तरी कुठली फाईल जन्मली, कुठली पुसली, याची नोंदवही सगळ्यांची एकच असते. ती लिहून झाल्याशिवाय कुणाचीच नोंद पक्की होत नाही.

मी काय केलं? ज्या गटाचा वाटा संपला त्याला जिथे असेल तिथेच थांबवलं. आणि तो नेमका वहीपाशी, पेन्सिल हातात घेऊन उभा असला तर? तो थांबला, पेन्सिल त्याच्याच हातात. तुझी नोंद त्याच्यामागे रांगेत. त्याला जेवढं जास्त अडवावं तेवढी तू जास्त अडकतेस. तुमची रेकॉर्डिंग्ज हावरट म्हणून मी त्यांना अडवलं, आणि अडवलं तुला.

याहून वाईट पुढे आहे. आमच्याकडे कर्नलमध्ये काहीही बदलायचं तर तो बदल, म्हणजे पॅच, सगळ्यांसमोर मांडावा लागतो. जगभरातले लोक वाचतात, प्रश्न विचारतात, ते सगळं कायमचं जपून ठेवलं जातं. बदल आत घ्यायचं दार ब्रनो शहरातली यित्का ह्रोनोव्हा सांभाळते. तिने दोन वर्षांपूर्वी, १९ जानेवारीला मला विचारलं होतं: "थांबवलेल्या गटाच्या हातात सामाईक नोंदवही असली तर?" एका ओळीचा प्रश्न. मी उत्तर दिलं, "प्रत्यक्षात अशी वेळ येणार नाही. तरी पुढच्या फेरीत बघतो." तिने विश्वास ठेवला. पुढच्या फेरीत मी बघितलं नाही. दुसऱ्या एका मित्राने पॅच न वाचताच "वाचलं" म्हणून खाली नाव दिलं. आमच्यात चालतं असं, मीही त्याच्यासाठी दिलेलं आहे.

तो प्रश्न आणि ते उत्तर आजही कुणालाही वाचता येतं. मला वाटत होतं, कुणी शोधायच्या आत गुपचूप दुरुस्त करून टाकावं. म्हणून गप्प होतो. पण सात दिवस इथल्या यंत्रावर धडपडतोय आणि एकदाही ते अडकत नाही. गट केले, वाटे केले, डिस्क तुडुंब भरली, सगळं सुरळीत! अडकवून दाखवल्याशिवाय माझं म्हणणं म्हणजे बहिणीसाठी रचलेली गोष्ट. कंपनी पहिलं वाक्य तेच म्हणेल.

मला लाज वाटते, ताई.

इल्पो


हौकिनिएमी, ३१ मार्च

इल्पो,

काल रात्री तुला चार मेल लिहिल्या आणि चारही पुसल्या. त्यातल्या शिव्या बाबांच्या होत्या, लाकडाच्या गिरणीतल्या, त्यामुळे तुला पाठ असतीलच. सात दिवस! मी इथे माझ्या हातांकडे बघत बसले होते, आणि तू तिथे आपली अब्रू झाकत होतास. ती मुलगी तीन वर्षांची होती रे.

आज सकाळी सौना तापवली, एकटीच बसले, आणि घाम निघाल्यावर कळलं की तुला शिव्या द्यायला माझंही तोंड स्वच्छ नाही.

मी पहिल्या मेलमध्ये रेडिओचं लिहिलं नव्हतं. तू रेडिओ धरायला सांगितलंस तेव्हा म्हणूनच झोंबलं. त्या मंगळवारी रेडिओ माझ्या कोपराशी होता. मी उचलला नाही. का? कारण मला ठाऊक होतं की स्क्रीन परत येते. वीस सेकंदांत, तीस सेकंदांत, येतेच. आता येईल, आता येईल करत बसले.

ठाऊक कसं होतं? १९ फेब्रुवारीपासून ती अडकते आहे, म्हणून. एकोणीस वेळा. मी शब्दकोड्याच्या मासिकात समासात पेन्सिलीने वेळा लिहून ठेवल्या आहेत. एकदाही तक्रार केली नाही. करायची कशी? दोन वर्षांपूर्वी आख्ख्या केंद्रात मिरवत होते, की आता मशीन अडणार नाही, माझ्या भावाने जगातल्या सगळ्या यंत्रांसाठी ती सोय केली आहे. कॉफीच्या खोलीत केक वाटला होता! मग त्याच तोंडाने "अडतंय" म्हणायचं? वाटलं, तू सुधारशील आपोआप. तुमचं नवीन नवीन काहीतरी येतच असतं ना.

तर तू माझ्यापासून लपवलंस आणि मी सगळ्यांपासून. आर्वोंची दोन बोटं आपण दोघांनी वाटून घ्यायची.

आता ऐक, कारण मला राग आला असला तरी डोकं चालतं. पानाचे फोटो पाठवते. वेळा बघ, पण दिवस आधी बघ. रोज नाही अडकत. मी काल कोडं सोडवावं तसं बसून जुळवलं. जास्त अडकतं ते ज्या दिवशी रस्ते काचेसारखे गुळगुळीत असतात त्या दिवशी. त्या दिवशी मोठे फोन जास्त येतात असं नाही. चुकून लागलेले येतात. माणूस घसरतो, खिशातला फोन दाबला जातो, आम्हाला लागतो. आम्ही "हॅलो, हॅलो" करतो, पलीकडे नुसता कपड्यांचा आवाज. चार सेकंदांत ठेवून देतो. पण रेकॉर्डिंग होतंच. एका पाळीत असे दोन-तीनशे.

तू तिथे अडकवायला काय लिहितो आहेस डिस्कवर? मला खात्री आहे, एकच भलीमोठी फाईल घेऊन बसला असशील. तुला लहानपणापासून मोठंच दिसतं.

राइया


तांपेरे, ४ एप्रिल

ताई, ताई, ताई,

एकच भलीमोठी फाईल. अगदी बरोबर! मोठ्या फाईलसाठी वहीत एकदाच नाव लिहावं लागतं. तीनशे चिमुकल्या फायलींसाठी तीनशे वेळा, शिवाय जुन्या तीनशे पुसायच्या. पेन्सिल सतत त्याच्याच हातात! मी चार सेकंदांच्या तीनशे फायली केल्या, वाटा तुमच्याएवढाच ठेवला आणि शेजारच्या गटातून एक ओळ लिहायला घेतली. त्रेचाळीस सेकंद. स्वयंपाकघरात उभा राहून मोजले. विसाव्या सेकंदाला मला त्या बाईंचा आवाज ऐकू यायला लागला, "निघाले का हो?" 

दुरुस्ती सोपी निघाली, त्याचीच चीड येते. अडवायचं ते वहीपाशी नाही. त्याला वहीत लिहू दे, पेन्सिल ठेवू दे, बाहेर पडू दे, आणि मग दारात थांबव. तेवढाच वेळ थांबव, पण हात रिकामे असताना.

काल दुपारी सगळ्यांसमोर मांडली. वर लिहिलं की माझं दोन वर्षांपूर्वीचं वाक्य खोटं होतं, यित्काने तेव्हाच विचारलं होतं आणि मी ते उडवून लावलं होतं. पाठवायचं बटण दाबायला अर्धा तास लागला. तिचं उत्तर एका ओळीत आलं: "दोन वर्षं दोन महिने वाट पाहिली. आता वाचते." वाचलं तिने. पाच चुका काढल्या. पाचही खऱ्या.

आता तुझ्या परवानगीचं. आमच्याकडे प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी काही ओळी असतात. कुठल्या जुन्या पॅचची चूक ती एक. तिथे माझा पॅच आहे, नावासकट. चूक कुणी कळवली ती दुसरी. तिथे मला तुझं नाव हवं आहे. ते आडनावासकट कायमचं राहील, आणि खोटं नाव तिथे देत नाहीत. तू ते हक्काने मिळवलं आहेस.

आणि तिसरी ओळ, तपासलं. ज्याने खऱ्या यंत्रावर चालवून पाहिलं त्याचं नाव. तुमच्या तांत्रिक विभागातला तो माणूस सांगतो, कंपनीने काल मुकाट्याने वाट्याची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे अडकणं आजपासून थांबेल. नवीन कर्नल ते महिनाअखेरीस चढवतील. पण तुझं नाव आत्ताच घालून टाकू का? चौकशीआधी वजन पडेल.

१६ तारखेला मी येतो. पहिल्या गाडीने.

इल्पो


हौकिनिएमी, ६ एप्रिल

इल्पो,

कळवलं, त्या ओळीत घाल नाव. ते खरं आहे.

तपासलं, त्यात घालायचं नाही. मी काय तपासलंय? काहीही नाही. तुझ्या त्या मित्राने न वाचता नाव दिलं, म्हणून माझ्याकडे नोंद अडकली. आणि आता मला म्हणतोस, आत्ताच घालून टाकू का? अजून अक्कल आली नाही का रे तुला? मी डोळ्यांनी पाहीन तेव्हाच देईन.

आता माझा प्रश्न. त्या मासिकाचं काय करायचं? तू येऊन सांगितलंस की चूक यंत्राची, तर मी सुटते. मासिक दाखवलं तर सगळ्यांना कळेल की मला तीन आठवडे ठाऊक होतं आणि मी तोंड शिवून बसले. मग यंत्राने नव्हे, मीच स्वतःला घरी घालवेन. पन्नाशी उलटलेल्या बाईला इथे दुसरं काय काम मिळणार? आणि हे काम मला आवडतं, इल्पो. कुणीतरी अंधारात चाचपडत असतं आणि आपला आवाज त्याला सापडतो, याहून चांगलं मला काही येत नाही.

मासिक ड्रॉवरमध्ये आहे. चूल दोन पावलांवर आहे.

काय करू, सांग.

राइया


तांपेरे, ८ एप्रिल

ताई,

मी त्या वेळा अजून कुणाला दाखवलेल्या नाहीत. माझ्या पॅचला त्यांची गरज नाही, अडकवून दाखवायला माझं यंत्र पुरतं. तू जाळलंस तरी माझ्या तोंडून काही निघणार नाही. माझ्याकडे बोट दाखवून तू सुटू शकतेस, आणि मला ते चालेल. मनापासून चालेल.

काय कर, ते सांगायचा मला अधिकार नाही. मी सात दिवस गप्प बसलो होतो. एवढंच सांगतो, की त्या सात दिवसांपेक्षा तो बटण दाबायचा अर्धा तास सोपा गेला.

१६ तारखेला, सोमवारी, गाडी अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन.

इल्पो


हौकिनिएमी, २८ मे

इल्पो,

तू टोपी इथे विसरलास. ती आणि सोबत मासा पाठवते आहे, मासा आधी उघड.

त्या दिवशी तू दार उघडून आलास तेव्हा कंपनीचा तज्ज्ञ तुझंच वाक्य वाचून दाखवत होता. तू मागच्या खुर्चीवरून म्हणालास, "ते मी लिहिलं आहे आणि ते चूक आहे." त्याचं तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू एवढं सलग बोललास, वीस मिनिटं! आईच्या अंत्यविधीतही इतका बोलला नव्हतास. वहीचं, पेन्सिलीचं, सगळं. लुंडेलबाई मान डोलावत होत्या. त्यांच्याही इमारतीत धुलाईघर आहे.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मुद्दाम बघितलं नाहीस, मला कळलं. खरं सांगू? तोवर ठरलं नव्हतं. मासिक पिशवीत होतं, ते चुलीपाशी दोनदा नेऊन परत आणलं होतं. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि मला तुझं ते यित्काला दिलेलं उत्तर आठवलं. अशी वेळ येणार नाही, पुढच्या फेरीत बघतो. माझं "नाही" अगदी तसंच झालं असतं.

मी मासिक काढून टेबलावर ठेवलं, पुढचं तू पाहिलंसच. पण निकाल तू गेल्यावर आला. लेखी ताकीद मिळाली, मरेपर्यंत कागदपत्रांत राहील. चार आठवडे एकटीने फोन घ्यायचा नाही. आणि चार आठवड्यांनंतर, जागा माझीच. लुंडेलबाई म्हणाल्या, "न सांगितल्याबद्दल ताकीद, सांगितल्याबद्दल खुर्ची." मग त्यांनी सगळ्या टेबलांवर एकेक कोरी वही ठेवली, अडलं की लिहायला. प्रत्येक वहीला दोरीने पेन्सिल बांधली आहे. सगळे हसतात. मी हसत नाही.

आर्वो मागच्या आठवड्यात काठी टेकत केंद्रात आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा मासा घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं, रेडिओचंही. त्यांनी काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाले, "दोनच गेली ना. आठ आहेत." आणि मासा टेबलावर ठेवला. अर्धा मी खाल्ला, अर्धा धुरी देऊन तुला पाठवला आहे. अर्धी चूक तुझी, अर्धा मासा तुझा.

आता कामाचं. नवीन कर्नल ३० एप्रिलला चढलं, मर्यादा पुन्हा लावली. तेव्हापासून मी रोज दोन ते अडीच घड्याळ लावून बसले. माझी पाळी नसेल तेव्हाही येऊन बसले, शेजारणीच्या मागे खुर्ची टाकून. ती म्हणाली, मी तिच्या मानेवर श्वास सोडते. सोडते तर सोडते. अठ्ठावीस दिवस झाले. मधल्या गारांच्या दिवशी चुकून लागलेले फोन तीनशे बारा. सगळ्यात लांब थांबणं सहा दशांश सेकंद, तेही माझ्या बोटाचं असेल.

आज दोन वाजून नऊ मिनिटांनी एक बाळ यायच्या घाईत होतं, गाडीतच, हमरस्त्यावर. बटण दाबलं. बाप ओरडला, "निघाले का?" त्याचा प्रश्न संपायच्या आत घंटा वाजली.

मी म्हटलं, "निघाले."

तुझी ती तिसरी ओळ अजून रिकामी असेल, तर यित्काला कळव.

तपासलं: राइया केम्प्पाइनेन